धीर एकट्याचा नसतो

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावरील वाघोली हे नाव आज उच्चारले, की प्रथम आठवतात त्या वाहनांच्या न सरणाऱ्या रांगा, उंच उंच इमारती आणि टँकरची वाट पाहणाऱ्या वसाहती. ३० जून २०२१ रोजी हे गाव पुणे महानगरपालिकेत सामील झाले. तत्पूर्वीची त्याची ओळख वेगळी होती. वाघेश्वराचे प्राचीन मंदिर, पिलाजीराव जाधवरावांची समाधी आणि गावाभोवतालच्या दगडखाणी एवढीच सामान्य पुणेकराला वाघोलीची माहिती असे. तथापि या गावाला आणखी एक इतिहास आहे. तो दगडात कोरलेला नाही आणि महामार्गावरून जाणाऱ्यास तो दिसतही नाही. मनाचे सामर्थ्य कशाने घडते, या प्रश्नाचे एक उत्तर या इतिहासात दडलेले आहे, आणि म्हणून त्याचे स्मरण आज करणे अगत्याचे आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याची भूमी हादरली. गणेशविसर्जनाचा उत्सव आटोपून गावे नुकती कोठे निजली होती. दगड आणि मातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड धाबे, अशी त्या भागातील घरांची जुनी रचना. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरे त्या पहाटे आपल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. किल्लारी, सास्तूर यांच्यासह बावन्न गावे जवळजवळ भुईसपाट झाली. मदतीचा ओघ देशभरातून सुरू झाला. धान्य आले, कापड आले, तंबू आले. परंतु जी मुले वाचली होती, त्यांचे पुढे काय, या प्रश्नाला धान्याच्या पोत्यात उत्तर नव्हते. भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांनी त्या वेळी अशी सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली, आणि त्यांच्या निवासाची व शाळेची जी व्यवस्था उभी राहिली, तिचे स्थान म्हणजे वाघोली.

आज मनाच्या कणखरपणाविषयी पुष्कळ बोलले जाते. व्याख्यानमालांतून, परीक्षेपूर्वीच्या मार्गदर्शन वर्गांतून, कचेऱ्यांतील प्रशिक्षण शिबिरांतून हा विषय हमखास डोकावतो. त्यातील बहुतेक उपदेशाचा सूर एकच असतो : मन घट्ट करा, रडू नका, संकटाला हसत सामोरे जा. जणू कणखरपणा ही ज्याच्या त्याच्या अंगी असलेली शिल्लक आहे आणि ज्याने ती बाहेर काढली नाही तो कंजूष किंवा भेकड आहे. वाघोलीच्या त्या वसतिगृहात आलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला हा उपदेश कोणी केला असता, तर त्याचा काय उपयोग झाला असता? ज्याचे घर गेले, गाव गेले, त्याला ‘मन घट्ट कर’ असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्यास धावण्याचे महत्त्व समजावून देण्यासारखे आहे. उपदेश खोटा नसतो. तो अवेळी आलेला असतो आणि अपुरा असतो.

मग अशा मुलास कशाची गरज असते? पहिली गरज अगदी साधी, म्हणूनच दुर्लक्षिली जाणारी. सकाळी घंटा वाजावी, ठरलेल्या वेळी जेवण मिळावे, शाळा भरावी, संध्याकाळी मैदानावर जाता यावे आणि रात्री दिवा ठरलेल्या वेळी मालवावा. वसतिगृहाची ही शिस्त बाहेरच्यास रूक्ष वाटते. परंतु ज्याच्या आयुष्यात भरवशाचे असे काहीच उरलेले नाही, त्याला उद्याचा दिवस आजच्यासारखाच उगवेल ही खात्री औषधासारखी असते. भयग्रस्त मन सतत पहारा देत असते. कोणत्या क्षणी काय कोसळेल याचा त्याला नेम नसतो. दिनक्रमाची पुनरावृत्ती या पहारेकऱ्याला हळूहळू विसावा देते. मोठ्या माणसांच्या बाबतीतही हेच खरे आहे. घरात मृत्यू झाल्यावर चौदाव्या दिवशी कामावर रुजू होणारा कारकून निष्ठुर नसतो. फाइलींच्या परिचित गठ्ठ्यात तो आपल्या मोडलेल्या दिवसाला पुन्हा आकार देत असतो.

दुसरी गरज माणसाची. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव होत असता अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे मुलांसाठी संगोपनगृहे चालविली. तेथील निरीक्षणे त्यांनी युद्धकाळातच प्रसिद्ध केली. आईच्या कुशीत असलेले मूल बाँबच्या आवाजाने फारसे विचलित होत नाही. सुरक्षित खेड्यात पाठविलेले, पण आईपासून तुटलेले मूल मात्र मिटून जाते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ उघड आहे. मुलाच्या लेखी सुरक्षितता म्हणजे पक्की इमारत नसून ओळखीचा चेहरा असतो. वाघोलीला आणलेल्या मुलांना इमारत देणे तुलनेने सोपे होते. त्यांच्यासाठी रोज तोच चेहरा, तोच आवाज, चुकल्यास रागावणारे आणि आजारपणात उशाशी बसणारे तेच माणूस उपलब्ध करणे हे खरे अवघड काम होते.

या अनुभवास दीर्घ अभ्यासाचा आधारही आहे. हवाई बेटांपैकी काऊआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके घेतला. यांतील सुमारे एक तृतीयांश मुले दारिद्र्य, पालकांचे व्यसन वा मानसिक आजार, घरातील कलह अशा अनेक संकटांत एकाच वेळी वाढत होती. त्यांतील पुष्कळांची वाटचाल अडखळली. परंतु त्यांच्यातीलही सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ, आत्मविश्वासू आणि दुसऱ्याची काळजी घेणारी प्रौढ माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात काय वेगळे होते? आई-वडील नसले तर आजी, मावशी, शेजारी किंवा एखादे शिक्षक असे किमान एक माणूस त्यांच्यावर निरपेक्ष माया करणारे होते. शिवाय त्यांच्यावर घरातील काही ना काही जबाबदारी होती. धाकट्या भावंडास सांभाळणे असो की घरकामाला हातभार लावणे असो, आपल्यावाचून कोणाचे तरी अडते ही जाणीव त्यांना उभी ठेवीत होती. अॅन मास्टेन या अभ्यासिकेने २००१ साली या साऱ्या संशोधनाचा आढावा घेताना लवचीकपणा ही विरळा देणगी नसून सामान्य गोष्टींतून घडणारी किमया आहे, असा निष्कर्ष काढला. तिच्यासाठी वीरपुरुष लागत नाही; माया, दिनक्रम, काम आणि सोबत पुरते.

कामाचे महत्त्व तर भूकंपाच्या प्रदेशानेच सिद्ध करून दाखविले. पुनर्वसनाच्या काळात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने शेकडो गावांतील स्त्रियांना संवाद सहायक म्हणून उभे केले. घरदुरुस्तीचे अनुदान कसे मिळते, भूकंपात टिकेल अशी भिंत कशी बांधतात, हे त्या गावोगाव समजावून सांगू लागल्या. ज्या बायकांनी उंबऱ्याबाहेर क्वचितच पाऊल टाकले होते, त्या अधिकाऱ्यांशी हिशेबाच्या गोष्टी बोलू लागल्या. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच भागातील स्त्रिया तेथे गेल्या आणि तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगू लागल्या. दुःख विसरल्याने त्या सावरल्या असे म्हणता येणार नाही. त्यांचे दुःख दुसऱ्याच्या उपयोगी पडू लागले, म्हणून त्या सावरल्या. मदत घेणारा हात मदत देणारा होतो, त्या क्षणी मनाच्या पुनर्वसनाचा खरा आरंभ होतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अशा कथा ऐकताना समाजाला त्यांतून केवळ विजयगाथा काढण्याचा मोह होतो. वाघोलीस आलेल्या मुलाने बरेच काही मिळविले, तसेच काही गमावलेही. तीनशेहून अधिक किलोमीटर दूर, परक्या शहरात वाढताना बोलीतील शब्द, शेताचा बांध, उरलेल्या नातलगांचा सहवास या गोष्टी मागे पडणारच. सारीच माणसे सारख्या वेगाने सावरत नाहीत, आणि काहींचे दुःख दुःख न राहता आजाराचे रूप घेते. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपत्तीग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला, त्यात डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञांचा मोठा वाटा होता, ही या दृष्टीने महत्त्वाची घटना होय. उद्ध्वस्त घरांबरोबर उद्ध्वस्त मनांचीही मोजदाद करावी लागते, हे त्या निमित्ताने येथील व्यवस्थेच्या ध्यानी आले. महिनोन्महिने झोप न लागणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, जगण्याची इच्छाच ओसरणे ही भित्रेपणाची लक्षणे नव्हेत. ती उपचाराची निकड सांगणारी लक्षणे आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे दिसून आले, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाणाऱ्यास कोणी दुबळा म्हणत नाही. मन तापले असता मात्र माणूस दार लावून घेतो. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो क्रमांक फिरविणे हेसुद्धा धैर्याचेच कृत्य आहे.

भूकंप रोज होत नाहीत. परंतु लहानसहान हादरे रोजच बसतात. परीक्षेत अपेक्षेहून कमी गुण पडतात, बढतीच्या यादीतून नाव गळते, घराचा हप्ता थकतो, वरिष्ठ चारचौघांत अपमान करतात, वृद्ध आईचे आजारपण लांबते. किल्लारीचा धडा या सामान्य दिवसांना लागू पडतो काय? नक्कीच पडतो. मोठ्या संकटात ज्या गोष्टी माणसाला सावरतात, त्यांची पेरणी साध्या दिवसांतच करावी लागते. झोपेची वेळ पाळणे, दिवसातून अर्धा तास तरी चालणे, आठवड्यातून एकदा ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता येईल अशा मित्राकडे जाणे, वाचनालयाचे, तालमीचे वा भजनी मंडळाचे एखादे काम अंगावर घेणे, या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु ज्याच्याजवळ त्या नाहीत त्याला पहिलाच मोठा आघात उन्मळून टाकतो. विहीर खणायची ती तहान लागण्यापूर्वी.

याच्या जोडीला विचारांची एक सवय लावून घेता येते. प्राचीन काळी गुलामगिरीतून वर आलेल्या एपिक्टेटस या तत्त्वज्ञाने आपल्या हाती असलेल्या आणि नसलेल्या गोष्टींत भेद करण्यास शिकविले. विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास त्याच विचाराला उपचारपद्धतीचे रूप दिले, आणि महाराष्ट्रातही तिचे अभ्यासक निर्माण झाले. त्यातील मर्म असे, की घटना आणि मनस्ताप यांच्यामध्ये माणसाने स्वतःशी बोललेले एक वाक्य असते. ‘नापास झालो’ ही घटना आहे. ‘आता तोंड दाखवायला जागा नाही’ हे ते वाक्य आहे. घटना बदलता येत नाही, परंतु त्या वाक्याची उलटतपासणी करता येते. खरोखरच जागा उरली नाही काय? किती जणांना त्या निकालाची आठवण वर्षभराने राहील? पुढील परीक्षा केव्हा आहे? ही उलटतपासणी एकट्याने जमली नाही, तर ती करून घेणारा शिक्षक, मित्र वा समुपदेशक शोधावा. मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. समर्थ रामदासांनी दोनशे पाच श्लोक रचले, ते सारे मनाला उद्देशून. मनाशी बोलता येते, त्याला समजावता येते, हा त्यामागचा विश्वास आहे. वाघोली ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील देहूत, १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकारामांनी पत्नी गमावली, पुत्र गमावला, व्यापार बुडाला. त्या उद्ध्वस्त माणसातून जो संत उभा राहिला, त्याच्या नावाने आजही लक्षावधी लोक पंढरीची वाट चालतात, आणि ती वाट कोणी एकट्याने चालत नाही, दिंडीत चालतो. थकलेल्याची पडशी दुसऱ्याने उचलावी हा तेथला रिवाज आहे.

कणखरपणाच्या गौरवात आणखी एक धोका आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. सोसणाऱ्याची स्तुती केली, की सोसायला लावणारी परिस्थिती बदलण्याची जबाबदारी टळते. वाघोलीच्या दगडखाणींत दूरदूरच्या गावांतून आलेल्या मजुरांनी वर्षानुवर्षे दगड फोडला, त्या दगडांवर पुण्याच्या इमारती उभ्या राहिल्या. या मजुरांच्या सोशिकतेचे कौतुक करणे सोपे होते. बस्तू रेगे आणि त्यांच्या ‘संतुलन’ संस्थेने १९९७ पासून कौतुकापेक्षा उपयुक्त असे काम केले. त्यांनी खाणीवरच मुलांसाठी ‘पाषाण शाळा’ काढल्या. किल्लारीतही तोच बोध आहे. मातीच्या सांध्यातील दगडी भिंत आतील माणसाच्या मनोधैर्याने तोलून धरता येत नाही. त्यासाठी भूकंपरोधक बांधकामच करावे लागते. भरमसाट काम लादून मग कर्मचाऱ्यांना तणावमुक्तीचे व्याख्यान ऐकविणारी कचेरी आणि केवळ गुणांवर मुलांची किंमत ठरवून मग त्यांना ‘सकारात्मक राहा’ असे सांगणारी शाळा या दोघींनीही आधी आपल्या भिंती तपासाव्यात.

या तपासणीची निकड आकडेच सांगतात. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र अग्रस्थानी होता. ही मुले दुबळी होती असे म्हणून मोकळे होणे हा त्यांच्यावरील दुसरा अन्याय होईल. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संपर्काची व्यवस्था करावी आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण द्यावे, असे निर्देश दिले. हे निर्देश फायलीत राहू नयेत यासाठी पालकसभेत कोणीतरी उभे राहून विचारले पाहिजे, की आपल्या शाळेत हे पद भरले आहे काय आणि त्या व्यक्तीकडे मुलाला एकट्याने बसून बोलता येईल अशी खोली आहे काय.

तथापि समुपदेशकाची नेमणूक होईपर्यंत थांबून राहण्याचे कारण नाही. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाने रोज एका मुलाशी अभ्यासाव्यतिरिक्त चार वाक्ये बोलायचे ठरविले, तर अडीच-तीन महिन्यांत एकही मूल अनोळखी उरत नाही. जो मुलगा अचानक गप्प झाला, जिने डबा खाणे सोडले, जो निकालानंतर दिसलाच नाही, त्यांच्याकडे प्रथम लक्ष जाते ते वर्गशिक्षकाचे. काऊआईच्या अभ्यासातील ते ‘किमान एक माणूस’ पुष्कळदा शिक्षकच होते, हे या व्यवसायातील प्रत्येकाने ध्यानी ठेवावे. कचेरीतही शेजारच्या टेबलावरील माणूस चार दिवस जेवायला उठला नाही, तर ‘काय रे, बरे आहे ना?’ एवढे विचारण्यास कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नसते. आणि विचारल्यावर उत्तर ऐकण्यासाठी दहा मिनिटे थांबावे, कारण ‘बरे आहे’ हे पहिले उत्तर बहुधा खरे नसते.

वाघोलीत एकेकाळी आलेली ती मुले आज चाळिशीच्या आगेमागे असतील. त्यांच्यातील अनेकांच्या घरी आता शाळेत जाणारी मुले असतील आणि तीही कधी परीक्षेला भीत असतील, कधी रात्री दचकून उठत असतील. अशा वेळी त्यांच्या उशाशी बसण्यास आई-बाप असतात. तीस वर्षांपूर्वी त्या आई-बापांच्या उशाशी बसण्यास परक्या गावातील परकी माणसे पुढे आली होती. मनाचे बळ एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते ते असे, उशाशी बसलेल्या माणसाच्या हातातून. ज्याला ते कोणी दिले, त्याने ते पुढे द्यावे. आणि ज्याला मिळाले नाही, त्याने ते मागण्यात संकोच बाळगू नये.